मागची मोकळी जागा

धरमपेठ, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. शामलाताईस,
सादर नमस्कार.

तुला फोन लागतो, पण ऐकू येत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू फक्त अंगठा पाठवतेस, तोही खाली वळलेला. म्हणून पत्र. शिवाय न्यासाचे वकील म्हणाले, बेलबागेसंबंधी जे काही असेल ते लेखी असू द्या.

आनंदाची बातमी अशी, की आपल्या मठाच्या पडीक आवाराला अखेर चांगले दिवस येत आहेत. पुढची बाग, ओवऱ्या आणि इंग्रजाचा बंगला दीर्घ मुदतीच्या करारानं लॉनवाल्यांना द्यायचा ठराव विश्वस्त मंडळानं एकमतानं केला आहे. 'बेलबाग हेरिटेज लॉन' असं नाव ठरतंय. शहर हुडकेश्वर ओलांडून आपल्या दारात आलंच आहे, आता त्याला पाट-पाणी आपणच करायचं. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांची संमेलनं. देवळाला ते हात लावणार नाहीत, उलट कळसावर लाइटिंग करून देणार.

तुझ्याकडे दोन कामं. एक, तू मास्तरीण होतीस, भाषा चांगली आहे. प्रवेशद्वाराशी संगमरवरी फलक लागणार आहे, त्यासाठी मठाचा इतिहास दोनशे शब्दांत लिहून दे. सकारात्मक असावा. दोन, मागची मोकळी जागा पार्किंगला लागेल. मनोहरपुरी काकांची मुलगी म्हणून तुझी हरकत नसल्याची सही हवी. सोबतच्या कागदावर पेन्सिलनं फुली केली आहे, तिथे. काकूंचा अंगठा तूच घे.

त्यांच्या गुडघ्यासाठी तेल पाठवतो आहे.

तुझा भाऊ,
रविंद्र गोस्वामी
(सचिव, बेलबाग मठ सार्वजनिक न्यास)


बेलबाग
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रवी,

आशीर्वाद. पुऱ्यांचा गोस्वामी कधी झालास ते कळवलं नव्हतंस. चुलत असले तरी बहीण आहे, पेढा तरी पाठवायचा. तेल पोचलं. आईनं ते गुडघ्याला न लावता देवापुढच्या दिव्यात घातलं. म्हणाली, "वास चांगला आहे, देवाले लागू दे."

फलकाचा मजकूर घे.

"भोसल्यांच्या राज्यात पुरी गोसाव्यांना ही जमीन मिळाली. त्यांनी बेलाची तीनशे झाडं लावली, देऊळ बांधलं, बारा ओवऱ्या काढल्या आणि उत्तरेतून रामेश्वराला पायी निघालेल्या साधूंना इथे जेवू घातलं. मग इंग्रज आला. त्याला इथली हवा मानवली. त्यानं महंतांना मागच्या दोन खोल्यांत सरकवून मध्ये बंगला बांधला आणि ओवऱ्यांत शिकारी कुत्रे ठेवले. एका ओवरीत एक कुत्रा. साधूंना तीन-तीन राहावं लागे. इंग्रज गेल्यावर कापसाच्या गठाणी आल्या. गठाणी जळल्यावर मुलांचं वसतिगृह आलं. वसतिगृह उठल्यावर बियाण्यांचं कोठार, कोठारातले उंदीर संपल्यावर निवडणुकीच्या पेट्या. २०२१ साली तीस खाटा आणि ऑक्सिजनची नळकांडी. येणारा प्रत्येक जण म्हणाला, मठाला आता चांगले दिवस येणार. आता लॉन येत आहे."

सकारात्मक आहे. शेवट तर तुझ्याच शब्दांत आहे.

आता मागची मोकळी जागा. हा शब्द मी आईला वाचून दाखवला नाही. ती रोज सकाळी काठी टेकत तिथे जाते, कारण ती जागा मोकळी नाही. तिथे आठ माणसं बसलेली आहेत. तू इथेच वाढलास, पण धरमपेठेत राहून विसरला असशील, म्हणून लिहिते. आपल्यात जाळत नाहीत आणि निजवतही नाहीत. मांडी घालून, पाठ भिंतीसारखी ठेवून, भोवती मीठ भरून बसवतात. आणि एकदा बसवलेल्याला कुणी उठवत नाही. सात जुने महंत आणि आठवे माझे बाबा. तूच बसवलंस त्यांना, २०२१च्या एप्रिलात, मी दवाखान्यात नळीनं श्वास घेत असताना. त्यांच्या डोक्यावर आता वरपक्षाच्या गाड्या लावायच्या?

सही करत नाही. तुझ्या फुलीवर मी दुसरी फुली मारून कागद परत पाठवते आहे.

शामला


धरमपेठ
२९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
स. न.

फलकाचा मजकूर वकिलांना दाखवला. कुत्रे वगळावेत असं ठरलं.

तुझ्या भावना मी समजू शकतो. पण तू भावनेपोटी व्यवहार पाहत नाहीस. देवळाचं छत गळतं, विहिरीला कठडा नाही, ओवऱ्यांत दिवसा माणसं पत्ते कुटतात. हे तू रोज पाहतेस आणि मला मात्र दोन ओळींत पापी ठरवतेस. लॉनचा मॅनेजर सौरव हा शिकलेला मुलगा आहे. त्यानं समाध्या पाहिल्या तेव्हा बूट काढले. मग म्हणाला, "सर, व्हाइब आहे."

मी त्यांच्याशी बोलून मार्ग काढला आहे. सात जुन्या समाध्या विधिपूर्वक उचलून भिंतीलगतच्या पट्ट्यात न्यायच्या. त्याला 'स्मृतिवन' म्हणायचं. काकांची समाधी मात्र हलवायची नाही. ती आहे तिथेच राहील. तिच्यावर मोठा दगडी ओटा बांधू, आणि त्यावर वधूवरांचं स्टेज येईल. रोज नवं जोडपं काकांच्या आशीर्वादानं उभं राहील, याहून मोठा मान कोणता? ती उघडायची नाही यावर मी ठाम आहे. तो आजार साधा नव्हता, आरोग्याच्या दृष्टीनंही ते बरं नव्हे.

कागद पुन्हा जोडला आहे.

रविंद्र


बेलबाग
९ डिसेंबर २०२४

चि. रवी,

तुझ्या पत्रात एकच वाक्य माणसानं लिहिलेलं होतं. काकांना हलवायचं नाही, हे. बाकीचं सचिवानं लिहिलंय. त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र जरा हळू हातानं लिहिते आहे.

तुला कधी म्हणाले नाही, आज म्हणते. त्या एप्रिलात माणसं प्लास्टिकात गुंडाळून परस्पर नेली जात होती. घरच्यांना बाहेरच्या बाहेर कागद मिळायचा. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. ओवऱ्यांत तीस खाटा पडल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, चला आपण रवीकडे जाऊ. म्हणाले, "पाहुणे आले अन् यजमान पळाला, असं मठात कधी झालं काय?" तीसच्या तीस लोकांना रोज दोनदा काढा करून दिला. त्यांतले सव्वीस चालत घरी गेले. बाबा गाडीतून गेले, माझ्यानंतर दोन दिवसांनी, दुसऱ्या दवाखान्यात. मी परत आले तेव्हा माझे कान गेले होते आणि बाबा या मातीत बसले होते. तू कुणाच्या पाया पडून त्यांना सोडवून आणलंस, मी विचारलं नाही. ते ऋण मोठं आहे. सौरव-लॉन-फलक सगळं वजा केलं तरी उरतं.

त्यांच्या चौथऱ्याशी आईनं तुळस लावली होती. ती पहिल्याच पावसाळ्यात कमरेएवढी झाली. बाकी समाध्यांशी काही धरत नाही, तिथे मात्र हिरवं दाट. आई म्हणते, "त्यायच्या हाताले गुण होता."

पण सातांना उठवून एकाला स्टेजखाली ठेवायचं, हे होणार नाही. मी हरकत दाखल केली आहे. माझ्या वकिलानं सांगितलं, की सात जणांची, आजोबांसकट, नोंद मठाच्याच नावावर आहे, ते इतिहासात जमा झाले. आठव्याची बायको आणि मुलगी हयात आहेत. इथे माझ्या बाबांची समाधी आहे असं मी शपथेवर सांगितलं की अख्ख्या जागेला हात लागणार नाही. म्हणजे बाबा एकटे सगळ्यांना सांभाळतील. त्यांना सवय आहे.

सुनावणी ४ मार्चला आहे.

शामला


धरमपेठ
२७ डिसेंबर २०२४

ताई,

हरकत मागे घे. प्रतिज्ञापत्रावर सही करू नकोस. विश्वस्तांचं, लॉनचं सोड, मी तुझ्यासाठी सांगतो आहे. कारण विचारू नकोस.

रविंद्र


बेलबाग
१४ जानेवारी २०२५

रवी,

संक्रांत आहे, पण तिळगूळ पाठवत नाही. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे.

लॉनवाल्यांनी निकालाची वाट न पाहता गवत लावायला घेतलंय. त्यांचा माळी अंकुश रोज मागच्या बाजूला येतो. कामाचा माणूस आहे, कमी बोलतो. परवा तो माझ्या डाव्या कानाशी आला, त्यात अजून थोडं शिरतं, आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या आज्याच्या भोवती दोनदा गवत लावलं मी. दोन्ही डाव पिवळं पडून गेलं. खाली मीठ हाय ना, मुळ्या धरतच नाही. पण तुमच्या बाबाच्या भोवती पाहा, कसं मस्त आलं! तिथं काहून नाही टाकलं मीठ?"

मी त्याला म्हटलं, मला ऐकू आलं नाही. तो पुन्हा सांगायला लागला, तर मी हातानं थांबवलं.

आजोबांना बसवून एक्केचाळीस वर्षं झाली. बाबांना चारही नाहीत. एक्केचाळीस वर्षांचं मीठ अजून गवत मारतंय, आणि चार वर्षांच्या मिठावर तुळस कमरेएवढी होते. मी वीस वर्षं सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवलं, रवी. चार पावसाळे ती तुळस पाहून मी हात जोडले. आईचं सोड, ती शाळेत गेली नाही. मी गेले होते.

बसवायला तीन पोती मीठ लागतं. टाळेबंदीत तू ते कुठून आणलंस, आणि खड्ड्यात कुणी ओतलं? एवढंच लिही.

आईला सांगितलं नाही. ती तिथे बसून बाबांना रोजच्या बातम्या सांगते. आज म्हणाली, "रव्या लॉन काढून राहिला म्हणते. तुमाले आवाजाचा तरास होईल."

शामला


बेलबाग
६ फेब्रुवारी २०२५

रवी,

उत्तर आलं नाही. तेही उत्तरच आहे, पण मला अक्षरांत हवं.

शामला


धरमपेठ
१९ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र वकिलांना दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर गेलं नसतं.

मीठ टाकलं नाही. तिथे कुणी नाही.

२३ एप्रिलला सकाळी साडेदहाला दवाखान्यातून फोन आला. दोन तासांत या, एकच माणूस, ओळख पटवा, कागदावर सही करा. त्यापुढे बोलता आलं तर बोला, कोणी कोणी विनंती करून आपल्या पद्धतीनं करताहेत, असं तो माणूस म्हणालाही. मी गाडी काढली. लॉ कॉलेज चौकापर्यंत गेलो. सिग्नल हिरवा होता. रस्त्यावर कुणी नव्हतं, फक्त ॲम्ब्युलन्स, एकामागे एक. आठ दिवसांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधला माणूस वडिलांना पाहायला गेला होता आणि तोच परत आला नव्हता. मी गाडी वळवली. घरी येऊन फोन केला, की माझी संमती आहे, तुम्हीच करा.

कुठल्या घाटावर नेलं ते मी विचारलं नाही. कुणी अग्नी दिला माहीत नाही. अस्थी आणल्या नाहीत. जाळलं, एवढंच माहीत आहे. आपल्यात जाळत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही.

काकू तेव्हा आमच्याकडे होत्या. नीट बसवलं का, असं दाराआडून विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर समाधी बांधणं भाग पडलं. आठवड्यानं दवाखान्यातून पिशवी मिळाली. कफनी, खडावा, चष्मा. गवंड्याला घेऊन बेलबागेत आलो, खड्डा करवला, पिशवी ठेवली, वर दगड बसवला. गवंड्यानं विचारलं, साहेब, मीठ? मी म्हटलं, राहू दे. तिथे मी चुकलो. म्हणजे चुकलो आधीच होतो, पण सापडलो तिथे.

तू बरी होऊन आलीस तेव्हा सांगणार होतो. तू माझा हात धरून रडलीस आणि ते राहून गेलं. मग दर वर्षी थोडं थोडं राहत गेलं.

मृत्यूच्या कागदपत्रांत अंत्यविधीची नोंद आहे. न्यासाच्या वकिलांकडे नक्कल आली आहे. तू शपथेवर सांगितलंस, तर भर सुनावणीत ते ती पुढे करतील. तुझी बेइज्जती होऊ नये म्हणून सांगतो आहे. आता हरकतीला तसा आधार उरला नाही, तेव्हा तोच कागद पुन्हा सोबत ठेवला आहे.

रवी


बेलबाग
२४ फेब्रुवारी २०२५

रवी,

चार वर्षं खोटं बोललास ते आमच्यासाठी, असं तुझं म्हणणं. खरं बोललास तेव्हा पाकिटात सहीचा कागद होता. पेन्सिलची फुलीसुद्धा ताजी केली होतीस.

'मी तुझ्या जागी असते तर चौकातून वळले नसते', असं एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं. मी त्या दिवशी खाटेवर बांधलेली होते. त्यामुळे मला शूर समजायची आयती सोय आहे. तुला ती नव्हती. इतपत न्याय मी करते. याच्यापुढे नाही. बाबांनी तीस परक्यांना हातानं काढा पाजला, आणि त्यांना शेवटी ओळखायला घरचं एक माणूस गेलं नाही. कुणी विचारलं असेल तिथे, हे कोण? तर कुणी सांगितलं नसेल.

शपथेवर खोटं सांगता येत नाही मला. तुला हे ठाऊक होतं, म्हणून तर खरं सांगितलंस. सही केली आहे. आईचा अंगठा घेतला नाही; तिला काय म्हणून अंगठा मागू? माझी एकटीची सही चालते असं माझा वकील म्हणाला. बाबा सातांना सांभाळणार होते, ते काही झालं नाही.

पण अटी लिहून दिल्या आहेत, आणि सौरवनं त्या मान्य केल्या आहेत. जेसीबी लावायचा नाही. सगळं हातानं खणायचं. आठही उघडायच्या, सात नव्हे. कारण अंकुशकडून आईच्या कानावर गेलंय, की सगळ्यांना भिंतीशी नेणार. तिनं एकच म्हटलं, "मी समोर बसीन." तेव्हा ती समोर बसणार आहे आणि तू खड्ड्यात उतरणार आहेस. पिशवी तू ठेवलीस, तूच काढ. आईला तेव्हा काय सांगायचं ते आजपासून दीड महिना विचार कर. मला तर काही सुचत नाही.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी आठ वाजता.

शामला


धरमपेठ
२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
स. न.

माझं ब्लडप्रेशर एकदम वाढलं आहे. डॉक्टरांनी उन्हात जायला सक्त मनाई केली. फार वाईट वाटतं, पण शनिवारी येणं होईल असं दिसत नाही. सौरव सगळं नीट करील, त्याला सूचना दिल्या आहेत.

स्मृतिवनाचा फलक कोरून तयार आहे. आठही महंतांची नावं, काकांचं शेवटी, आणि खाली 'विधिपूर्वक स्थलांतरित'. दगड पांढरा घेतला आहे. आता बदलता येणार नाही.

काकूंना सांभाळ.

रविंद्र


बेलबाग
८ एप्रिल २०२५

रवी,

चौकातून वळलास. मला नवल वाटलं नाही, म्हणून रागही आला नाही.

शनिवारी काय झालं ते तुला माहीत असायला हवं. का, ते शेवटी लिहिते.

आठ वाजताच ऊन चटके देत होतं. सौरवनं आईसाठी लग्नातली खुर्ची मागवली, पांढरं कव्हर आणि पाठीमागे लाल सॅटिनचा बो असलेली. ती तिच्यावर बसली, काठी मांडीवर आडवी. वीस हात लांब. मोतीबिंदूमुळे तिला त्या अंतरावर माणसाचा नुसता आकार दिसतो.

पहिल्या पाच खड्ड्यांत माती आणि मातीच्याच रंगाची हाडं. अंकुश आणि त्याची दोन माणसं हातानं वेचत होती. ठेवायला लॉनवाल्यांनी संत्र्यांचे प्लास्टिकचे कॅरेट आणले होते. आत अंथरायला कपडा मागितला तर हळदीच्या कार्यक्रमाचा पिवळा कपडा मिळाला. दुसरा त्यांच्याकडे नव्हता. त्यावर बारीक टिकल्या आहेत. महंत त्यावर निजले. म्हणजे निजवावेच लागले, कॅरेटमध्ये बसवता येत नाही.

सहाव्यात मीठ लागलं, ओलं, करडं. सातवे आजोबा. त्यांच्या भोवतीचं मीठ दगड झालं होतं. अंकुशनं छिन्नीनं एक बाजू काढली आणि तो मागे सरकला. ते बसलेलेच होते, रवी. मांडी मोडलेली नाही, हात गुडघ्यांवर, मणका सरळ, डोकं सरळ. एक्केचाळीस वर्षं. सौरव इतका वेळ व्हिडिओ काढत होता, त्यानं फोन खिशात टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यांना उठवायला अर्धा तास लागला. मी पाहिलं नाही. आवाज आला असेल तर तो मला ऐकू आला नाही. कान गेल्याचा तेवढा फायदा.

मग आठवा. अंकुशनं दगड सरकवला, तुळस मुळासकट बाजूला ठेवली, दोन हात खणलं आणि थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरले. तुझी पिशवी कुजली होती. कफनीचा भगवा अजून होता, कडेनं. खडावांना वाळवी लागलेली. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली; तो दोरा मीच बांधला होता, मार्चमध्ये.

दीड महिन्यात तुला काही सुचलं नाही, मलाही सुचलं नव्हतं. पण खड्ड्यात उभी असताना माझे हात आपोआप चालायला लागले. मी कॅरेटमध्ये माती भरली. अंकुशही भरायला लागला. काठोकाठ नाही, बेतानं. रिकामं ओझं उचलणाऱ्याच्या चालीवरून कळतं, आणि आईला चाल दिसते. वरून पिवळा कपडा, त्यावर कफनी. दोघांनी उचललं तेव्हा ते खरंच वाकले.

नवी जागा भिंतीशीच, लॉनच्या स्वयंपाकघराच्या मागे आहे, जनरेटरला लागून. तिथे तुझा पांढरा दगड आधीच उभा आहे. आठही खड्ड्यांत मी मीठ टाकायला लावलं. बाबांच्या खड्ड्यात तीन पोती, आईच्या समोर फोडून.

सगळं झाल्यावर मी तिला उठवायला गेले. ती माझ्या डाव्या कानात ओरडून बोलते हे तुला माहीत आहे, त्यामुळे आवारातली सगळी माणसं थांबली.

"शामले, मान कशी होती वं त्यायची? शेवटी खोकलून खोकलून खाली पडली असंल ना?"

मी म्हटलं, "ताठ होती, आई."

"पाठ?"

"भिंतीसारखी."

तिनं माझा चेहरा हातांनी चाचपला. रडून राहिली काय, ते पाहत असावी. मी रडत नव्हते. अंकुश रडत होता, फावडं धुण्याचं निमित्त करून. मग आई म्हणाली, "म्हणजे रव्यानं मनापासून बसवलं. मले चार वर्सं संशय होता पाय. वाटे, पोरगं घाबरट, कसंबसं उरकलं असंल. उगाच पाप केलं म्या मनात." त्या दिवशी तिनं दोन पोळ्या खाल्ल्या. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं एकच खाल्लेली मी पाहिली आहे.

'हो' म्हणायला किती कमी वेळ लागतो ते मला कळलं. चार वर्षं ते कसं पुरतं, ते आता कळेल. तुझ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त ते सांगायला आता माझ्याजवळ उंच जागा उरली नाही.

लिहायचं कारण असं, की ती तुला जेवायला बोलावते आहे. "त्याले जेवाले घालीन, माह्या हातानं वाढीन." रोज दोनदा विचारते, रव्याचं पत्र आलं काय. येत्या रविवारी ये. ब्लडप्रेशर घेऊन ये. ती जेवताना तुला विचारील, बसवताना कसे होते. पाठ भिंतीसारखी, मान ताठ, हात गुडघ्यांवर. तीन पोती मीठ. एवढंच सांगायचं. डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता, असलं काही जोडू नकोस. मी ते सांगितलेलं नाही.

आणि ती वाढत असताना माझ्याकडे पाहू नकोस.

शामला